जयाची टिकटिकी

घाबरट माणसांचा मला राग येतो. यवतमाळच्या स्विमिंग टँकवर तिकीट खिडकीत बसण्यात माझी अर्धी नोकरी सरली, आणि त्या खिडकीतून मी पाहिली तेवढी घाबरी तोंडं दवाखान्यातसुद्धा सापडायची नाहीत. पोराला हौसेनं पोहायला घालायचं आणि काठावरून बोंबलायचं, "खोलात नको जाऊ!" अरे, मग घातलंस कशाला? बापलोक तर आणखी वर. मला विचारायचे, "मॅडम, पाणी किती खोल आहे हो?" जसं काही मी रोज बुडी मारून मोजते. मला स्वतःला पोहता येत नाही, पण ते मी कुणाला सांगत नसे.

या सगळ्यांत पहिला नंबर जयाचा. आणि नेमका तिचाच राग मला कधी धरता आला नाही.

जया लोहाऱ्याच्या एमआयडीसीत एका जिनिंगमध्ये कामाला होती. कापसातून काडीकचरा आणि कवडी, म्हणजे किडकी बोंडं, वेचून काढायची. नवरा इंद्रजित वणीला कोळशाच्या ट्रकवर, आठवड्यातून एखाद वेळी घरी. पहिल्यांदा ती लेकीला घेऊन खिडकीशी आली तेव्हा तिच्या भुवयांवर, पापण्यांवर कापसाची रुई होती, आणि तिचं तिला काहीच नव्हतं. जिनिंगमधल्या बायांना रुई दिसतच नाही. आपल्याला हवा दिसत नाही तसंच.

"ताई, इथं पोट्टीले बुडू देत नाई नं?" तिनं विचारलं.

"आमच्याकडे फक्त पोहायला शिकवतात. बुडायला दुसरीकडे जावं लागतं," मी म्हणाले. माझा स्वभावच तसला. ती हसली नाही. तिनं लेकीचा, उर्वशीचा, हात आणखी घट्ट धरला. तेव्हा मला कळलं की ही नेहमीची घाबरट नाही.

पुढं ओळख वाढली तसं तिनं सांगितलं. घाटंजीकडच्या तिच्या माहेरी, लहानपणी, धाकटी बहीण तिच्या डोळ्यांदेखत विहिरीत पडली होती. शेतात दुसरं कुणी नव्हतं. जया काठावर पालथी पडून हाका मारत राहिली. "मी हाका मारून राह्यली, मारून राह्यली. ओ नाई देल्ली तिनं, ताई." एवढंच बोलली आणि पदरानं खिडकीची धूळ पुसायला लागली. एक बहीण पाण्यानं नेली, आता लेक तरी नेऊ नये म्हणून तिनं उर्वशीला पोहायला घातलं होतं. पोरगी पाण्यापासून वाचावी म्हणून तिला पाण्यातच सोडायचं. याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

आणि वर्षंही तसलीच होती. कापसाला भाव नव्हता, जिनिंग आज चालू तर उद्या बंद, आणि सकाळचा पेपर उघडायची आमच्या जिल्ह्यात माणसांना धास्ती वाटायची. आज कोणत्या गावात कुणी जीव दिला, आडनाव ओळखीचं आहे का, हे आधी बघायचं आणि मग चहा प्यायचा. जयाच्या वस्तीत बायांनी कुणी न सांगता एक रीत पाडली होती. शेजारचं दार उजाडलं तरी उघडलं नाही की बाहेरून हाक मारायची, "आहे का वं?" आतून "ओ" आली की आपापल्या कामाला लागायचं. ओ यायला उशीर झाला तर नळावरच्या बाया बादली खाली ठेवून त्या दाराकडे बघत राहायच्या. जया वस्तीत सगळ्यात आधी उठायची आणि सगळ्यात मोठ्यानं हाक मारायची. स्वतःच्या लेकीला तर ती न्हाणीत गेली तरी दोनदा हाक मारायची.

उर्वशी मात्र पाण्यात मासोळी निघाली. आमचे कोच नीळकंठ सर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले पीटीचे मास्तर. कौतुक करायचं त्यांना जिवावर यायचं. तेही म्हणाले, "ही पोर लांब पल्ल्याची आहे." पण एक पंचाईत होती. जया काठावर पाण्याकडे पाठ करून बसायची, कारण बघवत नव्हतं, आणि बघत नाही म्हणून सारखी हाक मारायची, "उर्वशे!" पोरगी बिचारी पोहता पोहता हात वर करून "ओ" म्हणायची. तिची लय तुटायची, नाकातोंडात पाणी जायचं, सर कपाळाला हात लावायचे. किती समजावलं! जया "हाव, हाव" म्हणायची आणि पुढच्या फेरीला पुन्हा "उर्वशे!"

शेवटी सरांनी ते यंत्र आणलं. त्यांचा पुतण्या पियूष परदेशी होता, त्यानं पाठवलेलं. शर्टाच्या मोठ्या बटणाएवढं, पिवळं. पोहण्याच्या टोपीखाली कानामागच्या हाडाशी ठेवायचं, की ते ठरावीक वेळानं टिक् टिक् वाजत राहतं. दोन टिकांमधलं अंतर त्याच्या बटणांनी कमीजास्त करायचं. एक टिक, एक हात. आवाज हाडातून थेट डोक्यात जातो, म्हणून पाण्यातही ऐकू येतो. बाहेरच्याला काही ऐकू येत नाही.

"आता तुम्ही हाक मारायची नाही," सर जयाला म्हणाले. "हे हाक मारेल, आणि ती हातानं ओ देईल. समजलं? आणि याची देखभाल तुमच्याकडे."

सर हुशार. रिकामे हातच जास्त भितात हे त्यांना ठाऊक असावं.

जया आधी यंत्रालाच भ्याली. "कानात करंट लागन तं?" मग तिनं ते स्वतःच्या कानामागं धरून पाहिलं, आणि तिथून जे सुरू झालं ते विचारू नका. रोज पोहणं झालं की ती ते साध्या पाण्यानं धुवायची, कारण टँकच्या औषधाच्या पाण्यानं त्याचं रबर खराब होतं. उन्हात ठेवायची नाही. सेल बदलायचा असला की माझ्या टेबलावर यायची. माझा धुतलेला रुमाल पसरायची, केस फडक्यात गच्च बांधायची, नाण्यानं मागचं झाकण फिरवायची. आत हातघड्याळात असतो तसला चपटा सेल, आणि झाकणाच्या कडेला काळी रबरी रिंग. सरांनी तिला बजावलं होतं, "सगळा जीव या रिंगेत आहे. तिच्यावर एक केस जरी राहिला तरी पाणी शिरतं." जया रिंग पुसायची, बोटाच्या टोकानं जरासं ग्रीस फिरवायची, झाकण लावायची आणि यंत्र कानाशी धरून डोळे मिटायची. वाजलं की मगच श्वास सोडायची.

बरोबर वाजतं की नाही हे तपासायला ती घरी तासन् तास टोपी घालून बसायची. त्या टिकेवर भांडी घासायची, त्या टिकेवर भाकरी थापायची. वस्तीतल्या बाया चिडवायच्या, "जयीच्या कानात टिटवी बसली वं!" घरात त्याला टिकटिकी म्हणू लागले. हाका मात्र थांबल्या. जया काठावर तोंडात पदर धरून बसायची, पाण्याकडे तोंड करून.

मग सरांच्या डोक्यात समुद्र शिरला. कोकणात लांब पल्ल्याची स्पर्धा होती, तिथं उर्वशीला पाठवायचं. त्याआधी उघड्या पाण्याची सवय हवी म्हणून ते तिला घाटंजीच्या वाटेवरच्या धरणात नेऊ लागले. एके दिवशी उर्वशी माझ्या खिडकीशी आली आणि हळूच म्हणाली, "मावशी, टँकमंधी खाली निळी रेघ दिसते. तिकडं खाली कायीच नाई दिसत. नुसतं हिरवं, मंग काळं. मले लय भेव लागते. टिकटिकी वाजते म्हून मी जाते. आईले नको सांगजो."

मी सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून घाबरटांच्या रांगेत मीही जाऊन उभी राहिले, हे खरं.

धरण आडवं पार करायची चाचणी थंडीत ठरली. जमलं तर कोकण, नाही तर नाही. ऐन आदल्या दिवशी टिकटिकीचा आवाज बारीक झाला, म्हणजे सेल उतरला. टँकला सुट्टी होती, माझं टेबल बंद. म्हणून जयानं सेल जिनिंगमध्येच, जेवणाच्या सुट्टीत बदलला. तिनं हात धुतले, केस बांधले, सगळं रोजच्यासारखंच केलं.

सकाळी धरणावर धुकं इतकं होतं की पाणी कुठं संपतं आणि आभाळ कुठं सुरू होतं हे कळेना. सर पलीकडच्या काठावर जाऊन थांबले होते. पोहणाऱ्यासोबत मारोतरावांचा पत्र्याचा डोंगा जायचा होता. मारोतराव तिथलेच मासे धरणारे, बोलायला महाग. डोंग्यात वेळ टिपायला मी, आणि जया. जयानं येऊ नये असं ठरलं होतं. पण ती आली, डोंग्यात चढली आणि दोन्ही हातांनी काठ धरून बसली. तिची बोटं पांढरी पडली होती. मांडीवर उर्वशीसाठी शिऱ्याचा स्टीलचा डबा.

"जया, उतर," मी म्हणाले.

"नाई उतरत, कुंदाताई. काठावर बसली तं मरून जाईन मी."

उर्वशीनं टोपीखाली टिकटिकी सरकवली, आईकडे पाहून मान हलवली आणि पाण्यात शिरली.

पहिलं अर्धं अंतर सुरेख गेलं. एक हात, दुसरा हात, पाण्याचा चुबुक चुबुक आवाज. मागचा काठ धुक्यात गेला. पुढचा आलाच नाही. आम्ही चौघं एका पांढऱ्या खोलीत असल्यासारखे. जयाचे ओठ उर्वशीच्या हातांबरोबर हलत होते. ती मनात टिका मोजत होती.

आणि एकाएकी तिचे ओठ थांबले.

"हे बरोबर नाई," ती म्हणाली.

मला काही दिसेना. "काय झालं?"

"हात जल्दी पडून राह्यले. पाह्य नं! आता... आता हळू झाले. टिकटिकी बिघडली, ताई."

तेवढ्यात उर्वशी थांबली. डोकं वर काढलं. तिचे डोळे मला अजून दिसतात. कानामागं हात नेऊन ती टोपी चापचापत होती. "आई, वाजत नाई! वाजत नाई वं!" आणि तिनं खाली पाहिलं, त्या काळ्या पाण्यात. तिथंच सगळं बिनसलं. जी पोरगी तासभर पोहत राहायची ती हातपाय झाडायला लागली. मारोतरावांनी वल्ह्यानं डोंगा वळवला, पण तेवढ्यात धुक्याचा एक लोट आमच्यामध्ये आला आणि ती दिसेनाशी झाली.

नुसता पाण्याचा आवाज. कधी डावीकडून, कधी मागून. धुक्यात आवाजाची दिशा लागत नाही. मारोतराव वल्हं धरून ताठ उभे राहिले. "कुठी गेली?" ते पुटपुटले. "डोंगा आंगावर जाईन तिच्या. कसा घेऊ?"

"उर्वशे!" जया ओरडली. इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा. "उर्वशे, ओ दे वं! ओ दे माय!"

ओ आली नाही. मग पाण्याचा आवाजही थांबला.

मी आयुष्यात खूप भ्याले आहे, आता कबूल करायला काय हरकत आहे? पण त्या शांततेएवढी कशालाच नाही. जयाकडे बघायची माझी हिंमत होईना. ती डोंग्याच्या काठावर वाकली होती, पालथी, आणि मला कळलं की ती आता या धरणावर नाही, घाटंजीकडच्या त्या विहिरीवर आहे. तिचा आवाजच गेला. तोंड उघडं, पण हाक निघेना.

मग तिनं तो स्टीलचा डबा उचलला आणि डोंग्याच्या पत्र्यावर हाणला. ठण्ण! पुन्हा हाणला. पुन्हा. झाकण उडालं, शिरा माझ्या साडीवर. मारोतराव "अवो बाई!" म्हणाले, पण ती हाणतच राहिली. पाण्याच्या खाली असलेल्या पत्र्यावर, हात खाली घालघालून. मला वाटलं, हिचं डोकं फिरलं.

किती वेळ गेला कोण जाणे. मग धुक्यातून, कुठून तरी उजवीकडून, खोकला आला. आणि त्यापाठोपाठ धाप लागलेला, रडवेला, चिडलेला आवाज:

"आई, हळू! लय जल्दी वाजवून राह्यली वं तू! हळू वाजव!"

मी हसले की रडले, ठाऊक नाही. पोरीनं पाण्यात तोंड घातलं होतं आणि पत्र्याचा आवाज तिला खाली ऐकू आला होता. सवयीनं तिचे हात त्या ठोक्याला पडू लागले होते. पण तो ठोका भ्यालेल्या बाईचा. त्याला कोण पुरं पडणार?

"हळू वाजव, जया," मी म्हणाले.

"होत नाई, ताई. हात ऐकत नाई माह्या." खरंच ऐकत नव्हता. ती कोपर मांडीवर दाबून धरत होती, तरी हात थरथरत पुढं पळत होता. धुक्यातून पुन्हा "हळू!" आलं, पण या वेळी तोंडात पाणी गेल्यासारखं. जयानं डबा छातीशी धरला. एक क्षण ठोकाच बंद. मला वाटलं, संपलं. तिनं डोळे मिटले. ओठ हलले. मग मोकळ्या हाताचा तळवा खाली-वर हलू लागला. ती भाकरी थापत होती. इतके महिने ज्या टिकेवर थापली, त्याच टिकेवर, नुसत्या हवेत. आणि मग तिनं डबा खाली नेला.

ठण्ण. थांबून, ठण्ण. थांबून, ठण्ण.

धुक्यातून आधी एक हात आला. मग टोपी. उर्वशी डोंग्याच्या शेजारून आली, हाताला लागेल एवढ्या अंतरावरून. मारोतरावांनी तिला धरायला हात पुढं केला. तिनं मान हलवली आणि धरलं नाही. तशीच पुढं गेली. जयाचे डोळे मिटलेलेच होते. ती वाजवत राहिली. पलीकडच्या काठावर सरांची शिट्टी ऐकू आली तरी वाजवत राहिली, आणि डोंगा चिखलात रुतल्यावर तिच्या हातातून डबा मला सोडवून घ्यावा लागला.

काठावर सरांनी नाण्यानं टिकटिकी उघडली. आतून पाण्याचा थेंब गळला. रिंगेवर काहीतरी पांढरं आडवं पडलेलं होतं.

"केस," सर म्हणाले. "पांढरा केस. मी सांगितलं होतं."

जयानं वाकून पाहिलं. "केस नोहे, सर," ती म्हणाली. "रुई हाये."

मग तिनं सांगितलं. जिनिंगमध्ये सेल बदलताना माझा रुमाल नव्हता. मळक्या जागेवर रिंग कशी ठेवायची? म्हणून तिनं ढिगातून निवडून पहिल्या वेच्याची शुभ्र रुई घेतली, तिची गादी केली आणि रिंग तिच्यावर ठेवली. आमच्याकडे नाजूक वस्तू रुईतच ठेवतात, सोन्याची फुली असो की काचेचा दिवा. तिच्या लेखी जगात रुईपेक्षा स्वच्छ काही नव्हतंच. तिनं हे सगळं अगदी हळू आवाजात सांगितलं आणि मग म्हणाली, "मीच बुडवत होती तिले." उर्वशी ब्लँकेट गुंडाळून कुडकुडत बसली होती. ती उठली, आईच्या पापणीवरचा रुईचा तंतू बोटानं काढला आणि म्हणाली, "शिरा सांडला नं पुरा?"

पियूषनं दुसरी टिकटिकी पाठवली. कोकणात सोबतीच्या होडीत घरच्यांना बसू देत नाहीत, असं सरांनी सांगितलं तेव्हा जया एवढंच म्हणाली, "बरं." तिचा चेहरा मात्र राखेसारखा झाला. नवा सेल तिनं माझ्याच टेबलावर घातला, माझ्या रुमालावर. रिंग पुसून झाल्यावर मला दाखवली, मग सरांना, मग उजेडात धरून पुन्हा स्वतः पाहिली.

निघायच्या दिवशी सरांना आणि उर्वशीला सोडायला आम्ही बसस्टँडवर गेलो. त्या आठवड्यात जिनिंग बंद पडलं होतं, पुन्हा कधी सुरू होईल हे कुणीच सांगत नव्हतं. इंद्रजित वणीला. म्हणजे उर्वशी गेली की त्या घरात जया एकटी. हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मी सगळा वेळ समुद्राचाच विचार करत होते. जयाही तोच करत होती. डबा दिला, टिकटिकी दिली, माझा रुमाल दिला, आणि गाडी सुरू झाल्यावर तोंडात पदर धरून उभी राहिली. हाक मारायची नाही, हे तिनं पक्कं ठरवलं होतं.

गाडी वळणावर आली. खिडकीतून उर्वशीनं डोकं बाहेर काढलं. पोरगी रडत होती, आणि आजवर मी तिच्या तोंडावर पाहिली नव्हती अशी भीती होती, धरणात होती त्याहून मोठी. ती माझ्याकडे पाहत नव्हती. आईकडे पाहत होती.

"आई!" तिनं जीव खाऊन हाक मारली. "आहे का वं?"

जयानं तोंडातला पदर काढला. मग सगळ्या स्टँडनं मागं वळून पाहावं एवढ्या मोठ्यानं ती म्हणाली, "ओ!"